शिंक

सोळा फेब्रुवारीला शेवटची पाव गोळी.
नखाएवढा तुकडा, कडेने भुगा झालेला,
बशीत काढून ठेवला होता
आजारी मांजरासाठी ठेवावा तसा.
घेतला. बशीही चाटली. बघायला कोण होतं?

नऊ वर्षं.
त्याआधी एकतीस वर्षं कारखान्याच्या पट्ट्यावर
कॉडचे काटे काढत उभी होते,
त्यात माझाच मणका कधी सरकला, कळलं नाही.
डॉक्टर तीन बदलले, गोळीचा रंग दोनदा.
मग ही पोरसवदा नर्स आली, म्हणाली,
मेल्विना, हळूहळू उतरू या, घाई नाही.
पावणेदोन वर्षं उतरत होते.

तळाशी पहिली भेटली ती शिंक.
मग दुसरी. अशा अकरा, मोजल्या.
नऊ वर्षांत मी शिंकलेच नव्हते की काय?
नाक, डोळे, अंगावरचा काटा, सगळी दारं एकदम उघडली.
आणि पोट? लेस्टरच्या ट्रकसारखं,
थंडीत चालू होत नाही, झालं की थांबत नाही.
पाय रात्रभर अंथरुणात चालायचे,
मी मात्र तिथल्या तिथे.

एवढं नर्सने मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं.
मार्चचं तिनेही लिहिलं नव्हतं.

मार्चमध्ये एक मोजा घालून बसले.
दुसरा पायाशी पडलेला,
दुपार कलली तरी तिथेच. आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

शीण मला नवा नाही.
दोन पाळ्या करून यायचे, हाताला मासळीचा वास,
तरी पावाचं पीठ भिजवून मगच पाठ टेकायची.
तो शीण झोपेत विरघळायचा,
चहात काकवी विरघळते तसा.
हा विरघळत नाही.
खाडी गोठल्यावर होडी अडकते ना,
फुटलेली नाही, बुडत नाही,
नुसती हलत नाही.

डॅफ्नीचा अल्बर्टाहून फोन.
सगळं नीट चाललं होतं आई, मग कुठे माशी शिंकली?
माशी नाही गं, मीच.
अगं, वय झालं तुझं, अठ्ठ्याहत्तर.
मी म्हटलं, वय काय सोळा फेब्रुवारीला झालं?

त्याच आठवड्यात गार्लंडच्या कोटात बाटली सापडली,
त्याच्या शेवटच्या दिवसांतली.
खुळखुळवून पाहिली. सात असाव्यात.
झाकण असं की दाबून फिरवायचं,
पोरांना उघडू नये म्हणून.
दाबलं. फिरेना. पुन्हा दाबलं.
मांडीवर बाटली घेऊन तशीच झोप लागली.
औषधवाल्याने उघडून मोजल्या तेव्हा सातच भरल्या.
नर्स म्हणाली, केवढा निग्रह!
मी काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये दुखणं परत आलं.
नऊ वर्षं जाड कांबळ्याखाली होतं,
वाटलं होतं, अस्वल निघेल.
निघालं म्हातारं कुत्रं.
गुरगुरतं, पण शेगडीपाशी जागा दिली की बसतं.

आणि मेमध्ये बटाटे सोलताना गार्लंड आठवला.
चार वर्षांपूर्वी चर्चमध्ये डोळ्यांत टिपूस नव्हता माझ्या,
सगळे म्हणाले, काय धीराची बाई.
धीर कुणाचा होता ते बाटलीवर छापलेलं होतं.
आता रडले, सुरी हातात घेऊन,
बटाटे काळे पडेपर्यंत.

परवा लेस्टरने ट्रकचा भोंगा वाजवला,
केपलिन आलेत किनाऱ्याला!
लाटेबरोबर गोट्यांवर चांदी उपसून पडत होती,
पोरं, जाळी, बादल्या, कुत्री.
मी तीन वेळा वाकले.
तिसऱ्या वेळी वर येताना वेळ लागला.
मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले,
पाण्याचा खारट, कुजका, ताजा वास नाकात गेला
आणि शिंक आली.

सर्दी का? लेस्टरने विचारलं.
नाही रे.
मग दमलीस?
हो, म्हटलं. दमले.
मासे तू ने. मला दोन पुरेत.

अजून दुपारी दोननंतर मी कुणाच्या कामाची नाही.
दोन्ही मोजे घालते मात्र.
डावा आधी.